कर्नलमधलं बिल्ड_बग_ऑन आणि चेकरची खोटी ओरड: नवख्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी

लिनक्स कर्नल तुम्ही बांधला, जीसीसी या कंपाइलरने एकही वॉर्निंग दिली नाही. मग पॅच पाठवण्याआधी तपासून घ्यावं म्हणून त्याच फाइलवर स्पार्स हा चेकर, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून चुका शोधणारं साधन, चालवलं, आणि पडद्यावर आलं: ‘स्टॅटिक असर्शन फेल्ड’. म्हणजे स्ट्रक्चरचा आकार चुकला? पण आकार चुकला असता तर कर्नल बांधलाच गेला नसता. बांधतानाच आकार तपासणारी अट तिथे ठेवली आहे तीच मुळी त्यासाठी.

कर्नलमध्ये नव्याने आलेला माणूस इथे हमखास अडखळतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो चेकर बंद करतो आणि पुन्हा कधी चालवत नाही, किंवा चेकरला गप्प करण्यासाठी ती अटच काढून टाकतो. दुसरी गोष्ट मी स्वतः केली आहे. एका ड्रायव्हरमधली आकाराची अट काढून मी पॅच पाठवला होता. पॅच वाचणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, ‘आता या आकारावर लक्ष कोण ठेवणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं होतं: गोंधळ चेकरच्या समजुतीत होता आणि शिक्षा मी अटीला दिली होती. त्या दिवसापासून असा गोंधळ दिसला की मी ज्या क्रमाने जातो, तो क्रम खाली मांडतो आहे.

लिहिण्याची एक सोय: मॅक्रो, आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाकायची. बिल्ड_बग_ऑनसारखे मॅक्रो सगळे मोठ्या अक्षरांत आणि मध्ये अधोरेषा.

आधी अट म्हणजे काय ते बघू

कर्नलमध्ये काही गोष्टी चालू यंत्रावर तपासणं परवडत नाही. नेटवर्कचं उदाहरण घ्या. प्रत्येक पॅकेटसोबत एसके_बफ नावाचं स्ट्रक्चर फिरतं. त्यात सीबी नावाची ४८ बाइटची मोकळी जागा असते आणि प्रत्येक थर ती आपल्या टिपणांसाठी वापरतो. टीसीपीचं टिपण म्हणजे टीसीपी_एसकेबी_सीबी हे स्ट्रक्चर. उद्या कुणी त्यात दोन फील्ड वाढवली आणि ते ४८ बाइटांच्या पलीकडे गेलं, तर शेजारच्या फील्डवर लिखाण होईल आणि बिघाड कुठे तरी भलतीकडेच दिसेल. म्हणून टीसीपी_इनिट या फंक्शनमध्ये एक बिल्ड_बग_ऑन आहे: टिपणाचा आकार त्या जागेपेक्षा मोठा असेल तर बांधणीच थांबव. चालू यंत्रावर त्याचा खर्च शून्य, कारण तपासणी बांधतानाच होते आणि तयार झालेल्या यंत्रभाषेत तिचा मागमूस उरत नाही.

बिल्ड_बग_ऑनच्या कंसातली अट खरी ठरली तर बांधणी मोडते. स्टॅटिक_असर्टचं याच्या उलट: तिथे कंसातली गोष्ट खोटी ठरली तर बांधणी मोडते. नवखे हे दोन उलटेपालटे करतात आणि मग दिवसभर साप समजून भुई धोपटत बसतात. कुठलाही बदल करण्याआधी हे एकदा मनात नीट बसवा.

चार साचे, आणि चेकरला ते कसे दिसतात

खरा गुंता इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू. ‘अट मोडली तर कंपाइल होऊ देऊ नकोस’ हे सी भाषेत सांगायची सोय फार वर्षं नव्हती. लोकांनी युक्त्या काढल्या, आणि चेकर अडखळतो तो त्या युक्त्यांवर.

पहिला साचा ऋण लांबीच्या ॲरेचा. साइझऑफ(कॅर[१ - २*!!(अट)]) असं लिहायचं. अट खोटी असेल तर लांबी १, खरी असेल तर लांबी उणे १. उणे लांबीचा ॲरे असूच शकत नाही, म्हणून कंपाइलर थांबतो. युक्ती देखणी आहे, पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: ॲरेची लांबी कंपाइल करताना कळलीच पाहिजे. आता ‘स्टॅटिक कॉन्स्ट इंट एक्स = ०’ असं लिहून बिल्ड_बग_ऑन(एक्स) म्हणा. जीसीसीला एक्सची किंमत दिसते, तो मुकाट्याने पुढे जातो. पण सी भाषेच्या नियमानुसार कॉन्स्ट म्हणून जाहीर केलेलं व्हेरिएबल हे स्थिरांक-पद (कॉन्स्टंट एक्स्प्रेशन) नसतं, ते फक्त न बदलता येणारं व्हेरिएबल असतं. स्पार्स नियमाला धरून चालतो, म्हणून तो पूर्वी ‘बॅड कॉन्स्टंट एक्स्प्रेशन’ आणि ‘कॅनॉट साइझ एक्स्प्रेशन’ अशा दोन तक्रारी करायचा. नंतरच्या आवृत्त्या त्याच ठिकाणी ‘व्हेरिएबल लेंग्थ ॲरे’ वापरल्याची वॉर्निंग देतात. खरं तर इथे बरोबर स्पार्सच होता, जीसीसी सवलत देत होता. पण हजारो ओळींवर अशी ओरड झाली की ती कुणी ऐकत नाही. लांडगा आला रे आला, अशी गत होते, आणि खरी चूक त्याच ढिगाऱ्यात गाडली जाते.

दुसरा साचा ऋण रुंदीच्या बिटफील्डचा. बिल्ड_बग_ऑन_झिरो हा मॅक्रो फार वर्षं याच तत्त्वावर चालत आला. स्ट्रक्चरमध्ये बिनानावाचं बिटफील्ड ठेवायचं, त्याची रुंदी -!!(अट). अट खोटी तर रुंदी ०, जे चालतं. अट खरी तर रुंदी उणे १, जे चालत नाही. याचा फायदा असा की तो पूर्ण पद आहे, त्याची किंमत ० येते. म्हणून स्ट्रक्चरला सुरुवातीच्या किमती देताना, जिथे वाक्य लिहिता येत नाही, तिथेही तो बेरजेत घुसवता येतो. आधी त्याचा टाइप साइझऑफमुळे चिन्हरहित होता, २०२० मध्ये तो इंट करण्यात आला. बारकी गोष्ट वाटते, पण जेनमास्कसारख्या, बिटांचा मुखवटा बनवणाऱ्या मॅक्रोमध्ये हे शून्य दुसऱ्या आकड्यात मिळवलं जातं, आणि तिथे शून्याचा टाइप चुकला तर सगळ्या पदाचा टाइप बदलतो. पुढे चेकरसाठी पर्यायी व्याख्या लिहायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा.

तिसरा साचा एरर ॲट्रिब्यूटचा, आणि आजचं बिल्ड_बग_ऑन हेच वापरतं. एक फंक्शन जाहीर करायचं, ज्याचं शरीर कुठेच नाही, आणि त्यावर खूण करायची की याला कुणी हाक मारली तर हा संदेश देऊन थांब. मग लिहायचं: अट पाळली नसेल तर त्या फंक्शनला हाक मार. कंपाइलर ऑप्टिमाइझ करताना पाहतो की अट कायमच पाळली जाते आहे, म्हणून तो ती फांदी छाटतो आणि हाक उरतच नाही. बारकाई अशी की निकाल ऑप्टिमायझेशननंतर लागतो. कर्नल नेहमी ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनच बांधला जातो, त्यामुळे हे चालतं. पण चेकर जीसीसीसारखा ऑप्टिमाइझ करत नाही. त्याला एक इफ दिसतो, त्याच्या दोन्ही फांद्या दिसतात, आणि एका फांदीत एका अनोळखी फंक्शनला मारलेली हाक दिसते.

चौथा साचा भाषेतच आलेला: सी११ मधलं, म्हणजे सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातलं, स्टॅटिक असर्शन. कर्नलने २०१९ मध्ये त्यावर स्टॅटिक_असर्ट हे सुटसुटीत वेष्टण घातलं. पुढे ५.१८ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, सगळा कर्नलच सी११ च्या बोलीत बांधला जाऊ लागला. हा साचा कुठल्याही युक्तीवर अवलंबून नाही, फंक्शनबाहेरही लिहिता येतो, चेकरलाही कळतो. मात्र त्याला खरंखुरं स्थिरांक-पदच लागतं. इनलाइन झाल्यानंतर, म्हणजे फंक्शनचं शरीर हाकेच्या जागी बसवल्यानंतर, कळणारी किंमत त्याला चालत नाही.

पायरी पहिली: साधन ताजं आहे ना?

स्पार्स लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलं. आज ते डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या भांडारात स्पार्स याच नावाने मिळतं. पण भांडारातली प्रत जुनी असू शकते. आधी आवृत्ती विचारा. सुरुवातीला सांगितलेल्या ‘स्टॅटिक असर्शन फेल्ड’ या तक्रारीचं एक जुनं कारण इथेच सापडतं: पॅक्ड अशी खूण असलेल्या स्ट्रक्चरचा आकार मोजणं स्पार्सला फार वर्षं येत नव्हतं. तो फील्डांमध्ये रिकामी जागा धरूनच हिशेब करायचा, बेरीज जास्त यायची आणि अट मोडल्यासारखी दिसायची. ही सुधारणा ०.६.४ आवृत्तीत आहे. तुमची प्रत त्याआधीची असेल तर पुढचं वाचण्याआधी ती बदला. कर्नल.ऑर्गवरून मूळ कोड घेऊन मेक आणि मेक इन्स्टॉल केलं की तो तुमच्या होम फोल्डरमधल्या बिनमध्ये बसतो. रूट परवानगी लागत नाही. फक्त तो फोल्डर पाथमध्ये आधी येतो आहे ना, ते बघा. नाहीतर जुनीच प्रत चालत राहील आणि तुम्ही नव्या प्रतीला दोष देत बसाल.

स्मॅच हे डॅन कार्पेंटर यांचं साधन स्पार्सच्याच पायावर उभं आहे, पण ते वाटेवाटेने विचार करतं: या फांदीने गेलं तर या व्हेरिएबलची किंमत काय असेल, वगैरे. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरचा ॲनालायझरही तसाच. कॉक्सिनेल या साधनाची गोष्ट वेगळी. ते मॅक्रो उलगडून न बघता कोडचा साचा बघतं, म्हणून आजच्या विषयाचा त्याला सहसा त्रास होत नाही.

पायरी दुसरी: एकाच फाइलपुरती ओरड पकडा

आधी कॉन्फिग तयार करून कर्नल एकदा पूर्ण बांधा. मग मेक सी=२ नेट/आयपीव्ही४/टीसीपी.ओ अशी एकाच फाइलसाठी आज्ञा द्या. सी=१ दिलं तर जी फाइल पुन्हा कंपाइल होणार असेल तीच तपासली जाते. सी=२ दिलं तर फाइल बदललेली असो वा नसो, तपासणी होते. नवख्याने सी=२ च वापरावं. नाहीतर दुसऱ्या फेरीत काहीच छापलं जात नाही आणि चूक आपोआप दुरुस्त झाली असा गैरसमज होतो. तक्रारी स्टँडर्ड एररवर येतात, म्हणून फाइलीत साठवताना तो प्रवाहही वळवा.

स्मॅच चालवायचं असेल तर चेक या व्हेरिएबलमध्ये त्याचा पाथ आणि पी=कर्नल हा पर्याय द्यायचा, बाकी आज्ञा तीच. क्लँगसाठी मेक एलएलव्हीएम=१ क्लँग-ॲनालायझर असं वेगळं लक्ष्य कर्नलच्या मेकफाइलमध्ये आहे.

ही फेरी तुमचा बदल लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा करा. दोन्ही निकालांतला फरक तेवढा तुमचा. बाकीच्या तक्रारी आधीपासून तिथे होत्या, त्यांच्यात आत्ता अडकू नका.

पायरी तिसरी: चेकरने नेमकं काय पाहिलं ते पाहा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची पायरी आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

मॅक्रो उलगडल्यावर कोड कसा दिसतो हे बघायला कर्नलमध्ये सोपी सोय आहे. फाइलीच्या नावाला .ओ ऐवजी .आय लावून मेक करा, प्रीप्रोसेस झालेली प्रत मिळते. पण ती प्रत जीसीसीची असते, चेकरची नसते. स्पार्स चालतो तेव्हा तो __चेकर__ नावाचा मॅक्रो स्वतःहून जाहीर करतो, आणि कर्नलच्या हेडरमध्ये कित्येक ठिकाणी लिहिलेलं असतं: हा मॅक्रो असेल तर ही व्याख्या घे, नसेल तर ती. म्हणजे कंपाइलर आणि चेकर एकाच फाइलीतून दोन वेगळे प्रोग्राम वाचत असतात. क्लँगचा ॲनालायझर असाच __क्लँग_ॲनालायझर__ हा मॅक्रो जाहीर करतो.

म्हणून मेक सी=२ सोबत व्ही=१ द्या. स्पार्सला दिलेली पूर्ण आज्ञा छापून येईल. ती उचला, तिला उणे ई, मोठ्या अक्षरातला ई, हा पर्याय जोडा आणि पुन्हा चालवा. आता चेकरची प्रीप्रोसेस झालेली प्रत मिळेल. ती आणि .आय फाइल शेजारी शेजारी उघडा, तुमच्या फंक्शनचं नाव शोधा आणि अटीची ओळ दोन्हीकडे काय झाली आहे ते वाचा. अर्ध्याहून अधिक कोडी माझ्याकडे इथेच सुटली आहेत.

ओळ फार लांब दिसली तर घाबरू नका. टाइप तपासणाऱ्या मॅक्रोंमध्ये एकात एक मॅक्रो रचले की विस्तार गुणाकाराने वाढतो. २०२४ मध्ये मिन आणि मॅक्सची अशीच एक गोष्ट उघड झाली. एक्स८६ च्या झेनसंबंधी सेटअप फाइलीतली एकच ओळ उलगडून ४७ मेगाबाइटची झाली होती, कारण मिन आणि मॅक्सच्या आत चिन्ह आणि टाइप तपासणाऱ्या अटी होत्या आणि ते मॅक्रो एकमेकांत बसवलेले होते. त्यानंतर ते मॅक्रो सोपे करण्याचं काम झालं. अटीची किंमत चालू यंत्रावर शून्य असली तरी बांधणाऱ्या आणि तपासणाऱ्या यंत्राला ती मोजावीच लागते.

पायरी चौथी: तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा

एक जात स्थिरांकाची. संदेशात कॉन्स्टंट एक्स्प्रेशन किंवा व्हेरिएबल लेंग्थ ॲरे असे शब्द असतील तर तुमच्या अटीतलं काही तरी भाषेच्या नियमाने स्थिरांक नाही. मुख्य कर्नलमधून ऋण-ॲरेचा साचा गेला आहे, पण मुख्य कर्नलबाहेर वाढलेल्या ड्रायव्हरांच्या हेडरमध्ये घरगुती मॅक्रो अजून तसेच असतात. तिथे हमखास हीच तक्रार येते.

दुसरी जात वाटेची, आणि ती जास्त फसवी. समजा एका स्विचमध्ये आकार १, २, ४, ८ असे चार केस आहेत, प्रत्येकात निकाल या व्हेरिएबलला किंमत दिली आहे, आणि डिफॉल्टमध्ये फक्त बिल्ड_बग लिहिलं आहे, म्हणजे ‘इथे कधी पोचायचंच नाही’. जीसीसी डिफॉल्टची फांदी छाटतो. पण कर्नलच्या ४.१४ किंवा ४.१९ या जुन्या आवृत्त्यांच्या कोडमध्ये __चेकर__ असताना बिल्ड_बगची व्याख्या निव्वळ (०) अशी आहे. चेकरला दिसतं की डिफॉल्टमध्ये काहीच घडत नाही आणि वाट पुढे जाते. मग तो म्हणतो, ‘निकालला किंमत न देताच वापरलंय’. त्याच्या प्रतीपुरतं ते खरंच आहे! आजच्या मॅक्रोमध्ये त्या फंक्शनवर नोरिटर्न अशी खूण आहे, म्हणजे इथून वाट परत येत नाही हे साधनाला कळतं आणि ही तक्रार टळते. घरगुती मॅक्रो लिहिला असेल आणि ही खूण विसरली असेल, तर वाटेवाटेने विचार करणारं कुठलंही साधन अशक्य वाटेवरून पुढे चालत राहील आणि तिथून काढलेले सगळे निष्कर्ष वाया जातील.

तिसरी जात खऱ्या चुकीची. चेकरला ३२ आणि ६४ बिटांचा फरक कळला नसेल, तर लाँग आणि पॉइंटरच्या आकाराचा त्याचा हिशेब चुकेल. पण उलटही घडू शकतं: तुमची अट फक्त ६४ बिटांवरच पाळली जात असेल. म्हणून ‘खोटी तक्रार’ असा शेरा मारण्याआधी आर्च=आय३८६ देऊन जीसीसीनेच एकदा बांधून बघा. तिथेही मोडलं तर चेकरने तुमच्यावर उपकारच केले आहेत.

पायरी पाचवी: दहा ओळींत गोष्ट उभी करा

कर्नलचं कुठलंही हेडर न घेता एक छोटी फाइल लिहा. मॅक्रोची व्याख्या उचलून तिथे ठेवा, खाली एक फंक्शन, त्यात ती अट. जीसीसी ऑप्टिमायझेशन चालू ठेवून चालवा, मग बंद करून चालवा, मग स्पार्स चालवा. तिसऱ्या साच्याची अट ऑप्टिमायझेशन बंद असताना काय करते हे डोळ्यांनी एकदा बघितलं की ते कायमचं समजतं. म्हणून कर्नलमधला मॅक्रो ऑप्टिमायझेशन नसताना ती हाक लिहितच नाही, अटीचं मूल्य काढून सोडून देतो.

याच फाइलीत ‘स्टॅटिक कॉन्स्ट इंट’ काढून त्याजागी एनम किंवा डिफाइन ठेवा आणि पुन्हा चालवा. तक्रार गेली तर पहिल्या जातीची होती हे सिद्ध झालं.

ही दहा ओळींची फाइल जपून ठेवा. पॅचच्या वर्णनात किंवा साधनाच्या दुरुस्तीच्या विनंतीत तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पायरी सहावी: दुरुस्ती कुठे करायची?

क्रम महत्त्वाचा आहे, वरून खाली जा.

आधी अट लिहिण्याची पद्धत सुधारा. व्हेरिएबलऐवजी एनम वापरा. स्ट्रक्चरच्या आकाराविषयी किंवा फील्डच्या जागेविषयी बोलायचं असेल तर स्ट्रक्चरच्या लगेच खाली, फंक्शनबाहेर, स्टॅटिक_असर्ट लिहा. वाचणाऱ्यालाही अट आणि स्ट्रक्चर एकाच नजरेत दिसतात. इनलाइन फंक्शनच्या आत, हाक मारणाऱ्याने दिलेल्या किमतीवर अट घालायची असेल तर बिल्ड_बग_ऑनच लागेल. बिल्ड_बग_ऑन_झिरो फक्त जिथे पदच लिहिता येतं तिथे वापरा. हा शेवटचा मॅक्रो लोक हौसेने कुठेही टाकतात, तसं करू नका. चेकरला तो अजूनही पेलत नाही, म्हणून त्याची पर्यायी व्याख्या (०) आजही टिकून आहे.

घरगुती मॅक्रो असेल तर तो काढून कर्नलचा वापरा. हा पॅच सहसा आनंदाने घेतला जातो.

अट बरोबर आणि साधन चुकीचं असेल, तर साधन दुरुस्त करा. स्पार्सचा कोड वाचायला वाटतो तितका अवघड नाही, आणि तुमची दहा ओळींची फाइल त्याच्या चाचण्यांमध्ये थेट बसू शकते. असा एक बदल तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचा त्रास वाचवतो.

__चेकर__ची फांदी टाकून अट लपवणं हा अगदी शेवटचा उपाय. कर्नलने तो एकदा मोठ्या प्रमाणावर केला होता: ऋण-ॲरेच्या दिवसांत ओरड थांबावी म्हणून बिल्ड_बग_ऑनच्या जवळजवळ सगळ्या भावंडांना चेकरपुरती (०) अशी व्याख्या दिली गेली. ओरड थांबली, पण चेकर त्या सगळ्या अटींना आंधळा झाला. अटीच्या कंसात कुणी चुकीचं पद लिहिलं तरी त्याला ते दिसेना. पुढे २०१८–१९ च्या सुमारास कर्नलचे विकासक मासाहिरो यामादा यांनी आधी उरलासुरला ऋण-ॲरे काढला आणि मग त्या बहुतेक पर्यायी व्याख्याही काढून टाकल्या, कारण एरर ॲट्रिब्यूटच्या साच्याला स्पार्सचा आक्षेप नव्हता. त्याच काळात कर्नलमधून बदलत्या लांबीचे ॲरे हटवण्याची मोहीमही पूर्ण झाली होती. त्या बदलांची वर्णनं गिटच्या इतिहासात बिल्ड_बग.एचवर लॉग मागितला की मिळतात, आणि नवख्याने ती जरूर वाचावीत. समस्या काय, ती आता का उरली नाही, आणि एक अपवाद का ठेवला, हे तिथे उदाहरणासकट लिहिलं आहे.

तरीही फांदी टाकावीच लागली, तर ती ड्रायव्हरमध्ये टाकू नका, सामायिक हेडरमध्येच ठेवा. पर्यायी व्याख्येचा टाइप आणि किंमत मूळ व्याख्येसारखीच ठेवा: मूळ इंट ० असेल तर पर्यायीही इंट ०. आणि वर टिपण लिहा की कुठल्या साधनाच्या कुठल्या तक्रारीसाठी हे आहे, म्हणजे पुढे कुणाला ते निर्धास्तपणे काढता येईल.

पायरी सातवी: अट अजून जिवंत आहे ना?

दुरुस्तीनंतर अट मुद्दाम मोडा. ४८ च्या जागी ४७ करा, स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवा, काहीही करा, आणि कर्नल बांधा. बांधणी मोडलीच पाहिजे. मोडली नाही तर चेकर गप्प झाला तो अट मेली म्हणून. हे जीसीसीने एकदा आणि एलएलव्हीएम=१ देऊन क्लँगने एकदा करा. क्लँगला एरर ॲट्रिब्यूट १४ व्या आवृत्तीपासूनच कळतं. त्याहून जुन्या क्लँगमध्ये मोडलेली अट कंपाइल होऊन पुढे जायची आणि थेट लिंकरच्या ‘अनडिफाइंड’ तक्रारीत प्रकट व्हायची. तिथे नावातल्या ‘कंपाइलटाइम_असर्ट’ या शब्दांवरून ओळखायचं. त्या नावाच्या शेवटी येणारा आकडा आता ओळीचा क्रमांक नसतो, २०२० पासून तो मोजणीचा आकडा आहे. म्हणून त्या आकड्याची ओळ फाइलीत शोधत बसू नका.

मग मोडलेली अट पूर्ववत करा, आणि हा तात्पुरता बदल पॅचमध्ये गेला नाही ना, हे गिट डिफने बघा.

पॅच पाठवताना

वर्णनात चार गोष्टी लिहा: साधनाचं नाव आणि आवृत्ती, तक्रारीचे मूळ शब्द जसेच्या तसे, तक्रार का आली याचं कारण, आणि बदलानंतर अट मुद्दाम मोडून तपासल्याचा उल्लेख. ‘स्पार्सची वॉर्निंग दुरुस्त’ एवढंच शीर्षक देऊ नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. फक्त साधनाची समजूत काढणाऱ्या बदलाला मी फिक्सेस टॅग, म्हणजे ‘हा बदल अमुक जुन्या कमिटमधली चूक सुधारतो’ अशी खूण, लावत नाही. त्या टॅगमुळे बदल स्थिर शाखांमध्ये ओढला जाऊ शकतो आणि तिथे त्याची गरज नसते. पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवा, आणि पॅच कुणाला पाठवायचा हे सांगणारी गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट जी नावं देईल त्या सगळ्यांना पॅच पाठवा. बदल स्पार्सच्या मर्यादेशी संबंधित असेल तर स्पार्सच्या मेलिंग लिस्टलाही प्रत द्या.

एक-दोन दिवसांत इंटेलच्या कर्नल टेस्ट रोबोटचं पत्र आलं तर दचकू नका. तो वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर आणि कॉन्फिगवर पॅच बांधतो, स्पार्स आणि स्मॅचही चालवतो. पत्रात वापरलेलं कॉन्फिग आणि तीच चूक पुन्हा घडवण्याच्या आज्ञा दिलेल्या असतात. त्या तशाच चालवा आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिटच्या इतिहासात जाणार नाही, पण पॅच वाचणाऱ्याला मात्र दिसेल.